मधलं नाव

मराठी माणसाच्या नावात बाप मधोमध बसलेला असतो. पांडुरंग सदाशिव साने. भालचंद्र वनाजी नेमाडे. पाळण्यात ठेवलेलं नाव आधी, आडनाव शेवटी आणि दोघांच्या मध्ये तो. शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेत, सातबाऱ्यावर तो मुलाबरोबर जातो. मुलगा त्याच्याशी वर्षानुवर्षं बोलत नसला तरी जातो.

मुलग्याच्या वाढण्याची पुस्तकं मी शाळेत असल्यापासून वाचत आलो. त्या वयात पुस्तकातला मुलगा तेवढा हवा असायचा. तो झाडावर चढला की मी चढायचो, त्याला मार बसला की माझी पाठ हुळहुळायची. आता माझा मुलगा नववीत आहे आणि तीच पुस्तकं पुन्हा हातात घेतली की नजर आपोआप मधल्या नावाकडे जाते. लिहिणारा मोठा झालेला आहे, लेखणी त्याच्या हातात आहे. बाप बहुधा गेलेला आहे आणि असला तरी तो उलट पुस्तक लिहिणार नाही. अशा वेळी त्या बापाचं काय केलं जातं? माझ्या लेखी अशा पुस्तकाचा कस इथे लागतो. मुलाचं रडणं-खेळणं हुबेहूब उतरवणारे लेखक पुष्कळ आहेत. ज्याच्यामुळे ते रडणं आलं त्या माणसाला त्याच्या पूर्ण उंचीनिशी उभं करणारे थोडे.

काही पुस्तकांत हा प्रश्नच येत नाही. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे घ्या. फुरसुंगीचा पोरगा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, किडकिडीत, जिभेनं टॉक्क करणारा. त्याचं मधलं नाव मला आठवत नाही आणि ते आठवावं लागत नाही. संध्याकाळी दिवे लागले की घरी ये म्हणणारं कुणी आसपास असतं तर चोरांचा माग काढायला तो सायकलवरून निघालाच नसता. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्यासुद्धा आई-बापांविना एका घरात येतो आणि त्या घराचा होतो. मला हे दोघं अतिशय प्रिय आहेत, पण ते वाढत नाहीत. दर पुस्तकात तेवढेच असतात, आणि त्यासाठीच मुलं त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जातात. वाढायचं तर समोर कुणीतरी लागतं, ज्याच्याकडे आधी मान वर करून बघितलं आणि मग एक दिवस सरळ रेषेत बघितलं.

‘श्यामची आई’ हे आपल्याकडचं सगळ्यात जास्त रडवणारं पुस्तक. नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ते ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला घेतलं आणि १३ तारखेला संपवलं. आई १९१७ सालीच गेलेली. इतक्या वर्षांचं साठलेलं त्या पाच दिवसांत बाहेर आलं आणि पुस्तकाच्या नावातच आई बसली. वडिलांकडे कुणी फारसं बघत नाही. मीही दहाव्या वर्षी बघितलं नव्हतं. पोहायला घाबरून माळ्यावर लपलेला श्याम, त्याला शिंपटीनं फोडून काढणारी आणि मग त्याच्या वळांना हळद-तेल लावणारी आई, हेच मनात राहिलं.

आता वाचताना पालगडचा तो खोत दिसतो. एकेकाळी सुखवस्तू असलेला, भाऊबंदकीत आणि कर्जात खालीखाली येत गेलेला. सावकाराचा माणूस वसुलीला दारात येतो आणि घरच्या बाईचा अपमान होईल असं बोलतो. ती वाघिणीसारखी उसळते, हे आपल्या लक्षात राहतं. तिचा नवरा तिथेच असतो. त्याला काही करता येत नाही. हा क्षण साने गुरुजींनी वगळला असता तर कुणी विचारलं नसतं. त्यांनी तो ठेवला. आणि दुसरीकडे अळणी भाजीची गोष्टही ठेवली. आईकडून भाजीत मीठ घालायचं राहिलं, वडील पहिल्या घासालाच ते ओळखून चुकले, पण काही न बोलता भाजी छान झालीय म्हणून जेवले, आणि ते बोलत नाहीत म्हणून मुलंही बोलली नाहीत. राबून करणारीला वाईट वाटू नये एवढंच त्यांच्या मनात होतं. कर्जाच्या बाबतीत चुकलेला, व्यवहारात कच्चा आणि पानावर बसल्यावर इतका मोठा असा हा एकच माणूस आहे. भक्ती आईची असली तरी गुरुजींचं डोळे उघडे ठेवून बघणं बापाच्या वाट्यालाही आलं आहे.

त्या भक्तीमुळे एक गोष्ट मात्र घडते. श्याम वडिलांवर कधी मनापासून रागावत नाही. दोष दिसायच्या आधीच क्षमा होऊन गेलेली असते. मराठीत मुलाचा राग पानावर यायला आणखी काही दशकं जावी लागली. १९६३ साली ‘कोसला’ आली. ती लिहिली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते आणि पांडुरंग सांगवीकरही पंचविशीतलाच. सांगवीतल्या वडिलांविषयी तो जे जे म्हणतो ते एकतर्फी आहे, पण ते त्या वयाचं आहे आणि म्हणून खरं आहे. धाकटी बहीण मनी देवीनं जाते, तेव्हा त्याचा संताप सगळ्या घरावर, घराच्या प्रमुखावर कोसळतो. पुण्यातली वर्षं वाया घालवून तो शेवटी त्याच वडिलांच्या गावी परत येतो. नेमाड्यांनी वीस वर्षं थांबून ही कादंबरी लिहिली असती तर त्यात समजूतदारपणा आला असता, आणि तो मला नको आहे. रागाच्या वयात रागानं लिहिलेलं एक तरी पुस्तक भाषेत असावं लागतं.

आनंद यादवांनी मात्र थांबून लिहिलं. ‘झोंबी’ १९८७ ची. ते तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. कागलचा आनंदा, त्याची शाळा बापानं बंद केलेली. पाणी पाजायला, ढोरं राखायला हात हवा म्हणून पोरगा रानात. आई आणि तो दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर जाऊन गाऱ्हाणं घालतात, देसाई बापाला बोलावून झाडतात, आणि मग बाप अटी घालून शाळेला सोडतो: सकाळी रानात काम, तिथूनच दप्तर घेऊन शाळा, शाळा सुटल्यावर पुन्हा जनावरं. पुढे सौंदलगेकर मास्तर कविता म्हणून दाखवतात आणि हा पोरगा मोटेचं पाणी फिरवताना कविता म्हणू लागतो, कागद नसला तर म्हशीच्या पाठीवर काडीनं ओळी लिहितो. या भागावर आजवर पुष्कळांनी लिहिलं आहे. मला सांगायचं आहे ते वेगळंच.

कॉलेजात असताना मी ‘झोंबी’ घरी आणली होती. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, एस.टी.च्या वर्कशॉपात होते, पण मूळचे कागलपासून फार लांब नसलेल्या गावचे. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली ती ऊस आणि गुऱ्हाळ यांतच. कादंबऱ्या ते वाचत नसत. हे पुस्तक त्यांनी उचललं आणि रात्रपाळी नसेल तेव्हा जेवणानंतर थोडं थोडं वाचत संपवलं. मी वाट बघत होतो. त्यांच्या वाट्याचं दुःख कुणीतरी लिहून ठेवलंय, तेव्हा ते पोराच्या बाजूनं बोलतील, कदाचित त्यांचे डोळे भरून येतील, असं मला वाटत होतं. ते म्हणाले, “त्येचा बा वंगाळच हाय. पर गुळाचं त्येचं बरोबर हाय. पैल्यांदा गूळ गेला की भाव घावतो. मागनं समद्यांचाच येतो.”

पुस्तकात तो तपशील आहे. दिवाळी झाली की आनंदाचा बाप गावात सगळ्यांच्या आधी गुऱ्हाळ लावतो. बाकीचे शेतकरी ऊस रानात उभा ठेवतात. उसातलं पाणी आटलं की रस दाट येतो, गुळाची पडत वाढते. याचा हिशेब उलटा: गूळ थोडा कमी पडला तरी चालेल, पण बाजारात आधी पोचायला हवा. मी ती पानं वाचून पुढे गेलो होतो. माझ्यासाठी तो फक्त पोराला राबवणारा, स्वतः गावात हिंडणारा माणूस होता. आण्णांनी त्याच्यात एक शेतकरी पाहिला, ज्यानं काहिल, चुलवाण, गुळव्या, बैल यांचा आणि बाजारातल्या दराचा मेळ घातला होता. पोराची शाळा त्या हिशेबात कुठे बसत नव्हती. हा हिशेब यादवांनी सविस्तर लिहिला म्हणून आण्णांना तो सापडला. शाळा मोडणाऱ्या बापाची अक्कल त्याच पानांत मान्य करायची, यासाठी लेखकाकडे फार मोठं मन लागतं. ‘झोंबी’ला १९९० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा शिक्षणासाठीच्या झगड्याचं कौतुक झालं, ते रास्तच होतं. त्यातल्या या न्यायाचंही व्हायला हवं होतं.

‘झोंबी’च्या आधी सात वर्षं, १९८० साली, लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ आलं होतं. त्यातला बाप अगदी उलट्या दिशेनं चालतो. कैकाडी कुटुंब, गाढवांच्या पाठीवर संसार, या गावाहून त्या गावाला, टोपल्या-कणग्या विणून द्यायच्या आणि भाकरी मिळवायची. अशा फिरत्या जगण्यात या बापानं पोराला शाळेत घालायचं ठरवलं. बिऱ्हाड हललं की शाळा तुटायची, तरी पुढच्या गावी पुन्हा घालायचा. जमातीला ते मानवण्यासारखं नव्हतं. स्वतःला अक्षर न येणाऱ्या माणसाला हे कुठून सुचलं असेल, याचा विचार करताना मला आजही थांबावं लागतं. वाडा, जमीन, बाजार यांतलं काहीच नसलेला बाप इथे मुलासाठी जे करतो ते कागलच्या विहीर-मळा असलेल्या बापाला सुचलं नाही. हा फरक स्वभावाचा म्हणून सोडून देता येईल. मला वाटतं, ज्याच्याकडे पोराला देण्यासारखं एक रानही नव्हतं त्यालाच पाटीचं मोल आधी कळलं.

आणि मग अशी पुस्तकं, जिथे मधली जागाच दुखरी आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) आई महार समाजातली आणि बाप गावचा पाटील. शाळेत नाव घालताना बापाचं म्हणून काय लिहायचं, हा प्रश्न मास्तरांपुढे, आईपुढे आणि त्या पोरापुढे उभा राहतो. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) लिहिलं तेव्हा मुखपृष्ठावरच मधल्या जागी आईचं नाव छापलं. बापाला न्याय द्या असं या लेखकांना सांगायला माझी जीभ रेटणार नाही. ज्यानं नाव दिलं नाही त्याला उंची कुठून द्यायची? तरीही लिंबाळ्यांच्या पुस्तकात एक माणूस आहे, आजीबरोबर राहणारा महमूद दस्तगीर जमादार. रक्ताचं नातं नाही, धर्म वेगळा, पण पोराला भाकरी आणि माया देणारा तो. मधल्या नावाचा हक्क खरं म्हणजे कुणाचा होता, हे त्या म्हाताऱ्याविषयीच्या ओळी वाचताना कळतं.

मुलींनी लिहिलेलं बालपण हा वेगळा आणि मोठा विषय आहे, इथे मावणार नाही. एवढंच म्हणतो की सोवळ्याच्या वेडापायी सगळ्या घराला वेठीला धरणाऱ्या बापाविषयी लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त जे लिहिलं आहे, तितक्या स्वच्छ मनानं बापाचा जाच सांगणारा मुलगा मला मराठीत अजून भेटायचा आहे.

लंपनविषयी लिहायचं तर मला आवाज जपून लावावासा वाटतो, इतकी ती पुस्तकं जवळची आहेत. ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि लेखकाच्या मृत्यूनंतर आलेलं ‘झुंबर’. बेळगावकडचं कानडी वळणाचं गाव, आजी-आजोबांचं घर, शेजारची सुमी, आणि सगळ्यालाच ‘मॅडसारखं’ म्हणणारा हा पोरगा. आई-बाबा दुसऱ्या गावी. लंपन त्यांच्याकडे जातो तो पाहुण्यासारखा आणि परत येताना आतून पिळवटून येतो. त्याला आजोळी का ठेवलंय हे त्याला नीट कळत नाही, आणि लेखकही मोठ्यांचा सूर लावून ते समजावून सांगत नाही. मुलाला जेवढं दिसतं तेवढंच वाचकाला. बाबा थोड्याच वेळा येतात, पण आले की पानावरचा उजेड बदलतो. त्यांच्या हाताचा स्पर्श, आवाज, त्यांचं जवळ असणं लंपन साठवून ठेवतो, कारण सुट्टी संपणार हे त्याला ठाऊक असतं. ते कायमचे जातात तेव्हा साठवलेलं तेवढंच उरतं.

हे लिहिणारे गृहस्थ कराडला भूगर्भशास्त्र शिकवत. त्यांचं व्यवहारातलं नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. आईच्या माहेरी, दीक्षितांकडे, ते दत्तक गेले होते. आई म्हणजे कवयित्री इंदिरा संत. वडील ना. मा. संत १९४६ साली वारले, तेव्हा हा मुलगा नऊ वर्षांचा होता. दत्तकविधानानं त्याचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलली. नोकरी, पगारपत्रक, विद्यार्थ्यांच्या वह्यांवरच्या सह्या, सगळं दीक्षित म्हणून झालं. पण लंपन लिहायला घेतल्यावर त्यांनी सही केली ती ‘प्रकाश नारायण संत’ अशी. नारायण म्हणजे ना. मा. संतांमधला ‘ना’. नवव्या वर्षी गेलेल्या वडिलांना त्यांनी असं पुस्तकाच्या पाठीवर परत आणलं. पहिलं पुस्तक निघालं तेव्हा ते साठीला टेकले होते, म्हणजे वडिलांहून किती तरी मोठे. त्या कथांतलं एकही वाक्य बाबांना जाब विचारत नाही. हे माहीत झाल्यापासून लंपनची पुस्तकं मला पूर्वीसारखी नुसती हसत वाचता आलेली नाहीत.

आता ‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन बाईंची १९३८ ची कादंबरी, १९३९ साली पुलित्झर मिळालेली. ‘सत्यकथे’चे संपादक राम पटवर्धन यांनी ती मराठीत आणली, १९६७ मध्ये. फ्लोरिडातलं रानटी, झुडपी माळरान, त्यात एकाकी बॅक्सटर कुटुंब. बाप पेनी, आई ओरा, मुलगा ज्योडी. आधीची सगळी मुलं गेलेली, हा एकटाच जगला. मराठी घरांत हे पुस्तक इतकं मुरलं आहे की ते परक्या देशातलं आहे हे आठवावं लागतं. मी ज्या पुस्तकांविषयी बोलतो आहे त्यांतला सगळ्यात पूर्ण बाप याच पुस्तकात आहे, असं माझं मत आहे.

पेनी बुटका, हाडकुळा. स्वतःचं बालपण कष्टात आणि धाकात गेलेलं, खेळ कधी मिळाला नाही. म्हणून तो ज्योडीला हिंडू देतो. सुरुवातीलाच ज्योडी कुदळ टाकून झऱ्यावर जातो, काड्यापानांची पाणचक्की करून फिरवत बसतो, उशिरा घरी येतो आणि बाप त्याला आईपासून पाठीशी घालतो. आपल्याला न मिळालेली सुट्टी तो मुलाला हप्त्याहप्त्यानं देतो आहे. पुढे पेनीला विषारी साप चावतो. तो एका हरिणीला गोळी घालतो आणि तिचं काळीज जखमेवर लावून विष ओढून घेतो. तो वाचतो, हरिणीचं पाडस पोरकं होतं. ज्योडी ते घरी आणायचा हट्ट धरतो तेव्हा पेनी नाही म्हणत नाही. ज्या हरिणीनं आपला जीव वाचवला तिच्या पोराला उपाशी मरू देणं त्याला पटत नाही.

त्याच पाडसाला वर्षानंतर मारायची आज्ञा पेनीच देतो. पाडसाचं नाव फ्लॅग. तो मोठा झालेला असतो, उगवलेला मका खाऊन टाकतो. पुन्हा पेरतात, ज्योडी जिवापाड कष्ट करून कुंपण उंच करतो, फ्लॅग तेही ओलांडतो. मका गेला म्हणजे वर्षाचं अन्न गेलं. खुंट उपटताना पेनीच्या अंगात काहीतरी तुटलं आहे, तो अंथरुणाला खिळला आहे. उठता येत असतं तर कदाचित त्यानं हे स्वतःच केलं असतं. आई गोळी झाडते, ती नीट लागत नाही, आणि तडफडणाऱ्या पाडसाला संपवायचं काम ज्योडीवर येतं. तो बापाला नको नको ते बोलून पळून जातो. भुकेनं अर्धमेला होऊन परत येतो तेव्हा पेनी त्याला रागावत नाही, क्षमाही मागत नाही. आयुष्य माणसाला खाली पाडतं आणि माणूस उठून पुन्हा पुढे चालतो, एवढं तो त्याला मोठ्या माणसाशी बोलावं तसं सांगतो. मुलाला शक्य तितके दिवस मूल राहू द्यायचं हा त्या माणसाचा एकमेव हट्ट होता आणि त्याचा शेवट त्याला स्वतःच्या तोंडानं करावा लागला. रॉलिंग्जबाईंनी दोघांनाही अपराधी केलं नाही. भूक खरी आहे, पाडसही खरं आहे.

माझ्या मुलानं हे पुस्तक सुट्टीत वाचलं. शेवटाकडे आल्यावर तो जेवायला बोलावलं तरी उठेना. रात्री म्हणाला, “बाबा, मी असतो तर परत घरी आलोच नसतो.” मी म्हटलं, “आणि पेनीचं काय?” तो म्हणाला, “त्याचं काय? त्यानंच सांगितलं ना मारायला.” मी वाद घातला नाही. त्याला त्याचा राग असू दे. पेनीची बाजू मी आत्ता उलगडून सांगितली तर ती माझीच बाजू होऊन बसेल, हे मला कळत होतं.

सध्या तो ‘झोंबी’ वाचतोय. पहिल्याच प्रकरणात अडला. गुऱ्हाळ त्यानं पाहिलेलं नाही. मला विचारलं असतं तर मी चार वाक्यांत सांगितलं असतं. त्यानं गावाकडे आण्णांना फोन लावला. आण्णांना आता कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर होता. बराच वेळ ते बोलत होते: उसाला तोड कधी द्यायची, चुलवाणात चिपाडं कशी सारायची, काहिलीतला गूळ झाला हे गुळव्या कशावरून ओळखतो. मग स्वतःहून म्हणाले, “मी तुज्यायेवडा आसताना रातभर बैलामागं हिंडायचो.” मुलानं विचारलं, “मग शाळा?” आण्णा त्याला त्यांच्या वडिलांविषयी सांगू लागले. त्यातलं पुष्कळ मीही पहिल्यांदाच ऐकत होतो.